मदत हवी आहे: कसोटीचे दोन दिवस आणि क्रिकेट न पाहणारी तिघं

तिसरी स्लिप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा, पण उडवू नका.

आम्ही चौघं, कॉलेजपासूनचे. दर दोन-तीन महिन्यांनी एक शनिवार-रविवार कुठेतरी जातो. चौघांत क्रिकेट पाहणारी मी एकटी. त्यातही कसोटी पाहणारी. वीस षटकांचं समोर असलं तर बघते, पण जीव कसोटीतच.

बाकीच्यांची ओळख करून देते, कारण भानगड तिथेच आहे. एक पक्षीवाला. गळ्यात दुर्बीण नसेल तर त्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. दुसरी शब्दकोडीवाली. कानामागे पेन्सिल, आणि "चार अक्षरी, शेवटी र" असं म्हणून अख्ख्या गाडीला कामाला लावते. तिसऱ्याचा छंद झोप. चेष्टा नाही करत, तो मनापासून झोपतो. पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो आणि तेच तोंडावर पालथं घालून पडतो.

गेल्या सहलीला सूर्यास्त बघायला सगळे टेकडीवर निघाले. तिकडे एका सामन्याच्या चौथ्या डावात आठ विकेट पडलेल्या, पंधरा षटकं बाकी. टेकडीवर रेंज नाही. मी "आलेच" म्हणाले आणि खाली गाडीत फोन धरून बसले. ते उतरले तेव्हा अंधार पडला होता आणि नववी विकेट काही पडली नव्हती. कुणी एका शब्दाने बोललं नाही. परतताना कोडीवालीने विचारलं, "काय झालं शेवटी?" मी म्हटलं, ड्रॉ. "म्हणजे काहीच नाही झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

ते अजून डोक्यातून जात नाहीये. ड्रॉ म्हणजे काहीच झालं नाही असं नसतं, हे इथे सांगायची गरज नाही, पण तिला ते पटवण्याचा हक्क मी त्या संध्याकाळी घालवला होता.

आता पुढच्या सहलीचं ठिकाण ठरलंय आणि योगायोगाने (खरंच योगायोगाने, मी सुचवलं नव्हतं) तिथे त्याच आठवड्यात कसोटी आहे. गुरुवारी सुरू होतेय, म्हणजे आमचा शनिवार तिसरा दिवस आणि रविवार चौथा. इतक्या जवळ जाऊन मैदानाबाहेरून परत येणं मला जमणार नाही. पण तिघांना दोन दिवस सिमेंटच्या पायरीवर बसवलं तर पुढच्या सहलीला मला कुणी बोलावणार नाही.

तर तिकिटं कोणत्या दिवसाची काढू, किती जणांची आणि कुठल्या बाजूची? आणि क्रिकेट न पाहणाऱ्या माणसाला कसोटीच्या मैदानावर बसवायचं तर त्याच्या हातात नेमकं द्यायचं काय? अनुभव असतील तर सांगा. "मित्र बदला" असे प्रतिसाद नकोत.

नॉनस्ट्रायकर

भाऊ, डोळे मिटून तिसरा दिवस. चौथ्या दिवसाचं तिकीट आधी काढणं म्हणजे जुगार, हल्ली सामना तिथवर टिकेलच असं नाही. आणि तिसऱ्या दिवशी सहसा दोन्ही संघांचे पहिले डाव आटोपत आलेले असतात, त्यामुळे नवख्याला एक सरळ गोष्ट सांगता येते: कोण पुढे आहे आणि कितीने. त्यात नंतर फलंदाजी करणारा संघ २०० किंवा जास्त धावांनी पिछाडीवर गेला तर त्याला फॉलोऑन द्यायचा की नाही, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला लावायचं की नाही, हा प्रश्न येतो. तो क्रिकेट न कळणाऱ्यालाही कळतो, कारण त्यात एका माणसाला निर्णय घ्यायचा असतो आणि तो चुकू शकतो.

अंपायरची टोपी

चौथ्या दिवसाला नावं ठेवू नका. १४ मार्च २००१ला कोलकात्यात चौथाच दिवस होता. फॉलोऑननंतर लक्ष्मण आणि द्रविड सकाळी उतरले ते संध्याकाळपर्यंत खेळले. दिवसभरात ३३५ धावा आणि विकेट एकही नाही. त्या दिवशी घरी झोपलेला एक माणूस अजून माझ्या ओळखीत आहे आणि आम्ही अजून त्याला तेच ऐकवतो.

बाकी धागाकर्त्याने लक्षात घ्यावं, १९३९ साली डर्बनची कसोटी दहा दिवस ओढली होती आणि तरी निकाल लागला नाही. इंग्लंड ६९६चा पाठलाग करत होतं, ५ बाद ६५४पर्यंत पोचलं, आणि मग परतीची बोट चुकेल म्हणून सामना सोडून निघाले. तुमच्या मित्रांना सांगा, दोन दिवस म्हणजे काहीच नाही.

रिकामटेकडा

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मित्रांना अजिबात सांगू नका.

माझं सरळ मत: शनिवारी एकटे जा. सहा तासांचा खेळ, मधले ब्रेक धरून सात, षटकं रेंगाळली तर वर अर्धा तास. ज्याला आवडत नाही त्याच्यासाठी हा कामाचा दिवसच झाला. ते त्यांचं फिरतील, तुम्ही तुमचा सामना बघा, संध्याकाळी भेटा. मैत्री म्हणजे एकाच बाकावर बसणं थोडंच आहे?

तिसरी स्लिप

भाऊ नाही हो, बहीण. पहिल्याच पोस्टमध्ये "काढतेय" लिहिलंय.

रिकामटेकडा, एकटीने जायचा विचार केला होता. पण गाडीत एकटी बसले होतेच की मागच्या वेळी. ते परत नकोय.

नॉनस्ट्रायकर

माफी, ताई. आयडी वाचला, पोस्ट घाईत वाचली.

झाडाखालचा

बसायच्या जागेबद्दल कुणीच बोलत नाहीये आणि निम्मं भांडण तिथेच होतं. खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असते, म्हणजे मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. त्यामुळे पश्चिमेकडच्या स्टँडला दुपारनंतर सावली मिळते, पण खेळ आडवा दिसतो. वेग आणि टप्पा कळतो, धावबाद झकास दिसतो, मात्र चेंडू वळला की नाही ते कळत नाही. पूर्वेकडे बसलात तर संध्याकाळी ऊन थेट तोंडावर. वळण बघायचं असेल तर गोलंदाजाच्या पाठीमागची बाजू, तीही साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या) वर, उंचावर. उत्तर गोलार्धात असाल तर या दोन टोकांतलं दक्षिणेकडचं घ्या, ऊन पाठीमागून येतं आणि छप्पर असेल तर बराच वेळ सावली राहते.

तुम्हाला वळण बघायचं असणार हे मला कळतंय. पण तिघांना सावली हवी आहे. दक्षिणेकडचं मिळालं नाही तर पश्चिमेला बसा आणि वळण मोठ्या पडद्यावर बघा. एक दिवस चालतं.

पाणवठा

मी आमच्या ग्रुपमधला तो पक्षीवाला आहे, म्हणून लिहितो. मला चार वेळा मैदानावर नेलं आणि चारही वेळा सगळे म्हणत होते, "चेंडू बघ, चेंडू बघ." मला चेंडू दिसायचाच नाही. पाचव्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारून सांगितलं, चेंडू सोडा, यष्टिरक्षक किती मागे उभा आहे ते बघा. वेगवान गोलंदाज असेल तर मागे, फिरकीला थेट यष्टींजवळ. तो दोन पावलं पुढे सरकला की समजायचं, चेंडू खाली राहायला लागलाय. मग मी दिवसभर दुर्बिणीतून तेच बघितलं. स्लिपमधला एकजण प्रत्येक चेंडूआधी टोपीला हात लावायचा. दुसरा ओव्हर संपली की गवत उपटायचा. हे मला जमतं, हेच मी पाणथळीवर करतो.

तुमच्या मित्राची दुर्बीण बहुतेक ८ बाय ४२ असेल. मैदानाला तीच उत्तम. आठपट मोठं दिसतं, ४२ मिलिमीटरची भिंग उजेड भरपूर घेते, आणि बारापटीच्या दुर्बिणीसारखा हात हलला की चित्र थरथरत नाही. फक्त आत न्यायला परवानगी आहे का ते आधी बघा. बॅगा आणि बाटल्यांचेही नियम असतात, फाटकावर दुर्बीण जमा करायला लागली तर त्याचा दिवस तिथेच संपला.

शिवाय मैदानावर पाखरं असतात. मोकळं गवत, त्यात किडे. सीमारेषेजवळ कोण उतरतंय ते त्याला मोजू द्या.

शेवटचा फलंदाज

शब्दकोडीवाल्या मैत्रिणीसाठी एकच सांगतो: स्कोअरबुक. मोबाइलवरचं नाही, कागदाचं. माझी बायको क्रिकेटच्या नावाने जांभया द्यायची, आता मला पेन्सिलीला हात लावू देत नाही.

धाव नाही तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह, नोबॉलला गोल. बायला (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता काढलेल्या धावा) टोक वर असलेला त्रिकोण, लेगबायला (चेंडू अंगाला लागून गेल्यावरच्या धावा) तोच उलटा. ओव्हर निर्धाव गेली की तीन-तीनच्या दोन रांगांतली सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, अशा निर्धाव ओव्हरमध्ये (मेडनमध्ये) विकेटही पडली तर डब्ल्यू. आणि शेवटी फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण धावा आल्या पाहिजेत. नाही आल्या तर कुठे चुकलं ते मागे जाऊन शोधायचं. कोडी सोडवणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं?

एक मेख सांगून ठेवा, तिला आवडेल. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात जात नाहीत, वाइड आणि नोबॉल जातात. म्हणून एखाद्या ओव्हरमध्ये चार बाय गेल्या तरी ती गोलंदाजासाठी मेडनच.

रिकामटेकडा

झोपाळू मित्रासाठी कुणाकडेच काही नाही?

झाडाखालचा

त्याला कशाला काही हवंय. कसोटीइतकं झोपायला चांगलं काही नाही. विकेट पडली की लोक उठवतातच. फक्त त्याला वरच्या रांगेत बसवा, खाली बसला तर ये-जा करणारे पाय तुडवतील.

तिसरी स्लिप

सगळ्यांचे आभार. चार दिवस गप्प होते कारण शेवटी त्यांनाच विचारलं. तुम्ही सुचवलेलं सगळं त्यांच्यासमोर मांडलं, टेकडीचा विषयही काढला.

पक्षीवाला म्हणाला, शनिवारी येतो, पण पहाटे आधी तलावावर जायचं आणि मी त्याच्याबरोबर यायचं. कबूल केलं. अंधारात उठायला लागणार, पण टेकडीचं कर्ज आहे. झोपाळूने विचारलं, खुर्चीला पाठ आहे का. पाठ असलेल्या जागा पश्चिमेलाच आहेत, त्यामुळे तो वाद तिथेच मिटला आणि माझं वळण गेलं.

कोडीवाली मात्र सुरुवातीला नाहीच म्हणाली. मी आग्रह केला नाही. मग टेकडीबद्दल म्हणाली, "तू खाली होतीस त्याचं काही नाही वाटलं. वर आम्ही तिघं तुझ्यासाठी थांबलो होतो, त्याचं वाटलं." सूर्य गेल्यावरही अर्धा तास थांबले होते म्हणे, मी येईन म्हणून. मला हे माहीतच नव्हतं.

तर तिकिटं फक्त शनिवारची, चार. तिचं ठरलंय की उपाहारापर्यंत बसेन, जमलं तर पुढे, नाहीतर जवळच्या वाचनालयात जाईन. रविवारी सामना नाही. त्या दिवशी माझा फोन झोपाळूकडे राहील आणि स्कोअर तीनदाच: उपाहार, चहापान, खेळ संपल्यावर. तो झोपलेला असेल तर तेवढाही नाही. (ही अट त्याने स्वतः घातली. हसत होता.)

स्कोअरबुक आणून तिच्यासमोर ठेवलंय. काल रात्री तिचा मेसेज आला, तो जसाच्या तसा टाकते, कारण मलाही खात्रीने उत्तर देता आलं नाही: "वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला तर? वाइड लिहू की विकेट?"

शेवटचा फलंदाज

वा! दोन्ही. वाइडवर यष्टिचीत होता येतं. विकेट गोलंदाजाला, वाइडची एक धावही त्याच्याच नावावर, आणि तो चेंडू ओव्हरच्या सहांत मोजायचा नाही. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंतही वाइड धरत नाहीत. म्हणजे येऊन पहिल्याच चेंडूवर असा बाद झाला तर त्याच्यापुढे शून्य धावा, शून्य चेंडू.

तिसरी स्लिप

पाठवलं. दोन मिनिटांत उलट विचारणा: "शून्य चेंडूंत बाद. छान आहे. पेन्सिल कुठली आणू?"

शेवटचा फलंदाज

एचबी. आणि खोडरबर दोन आणा, पहिल्या दिवशी एक पुरत नाही.