अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या समुद्रकाठाने पायी गेलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

सुरूच्या बनातली
काल रात्री लेकाचा फोन आला. मित्रांबरोबर ओझेटला निघालाय, दोन रात्री किनाऱ्यावर तंबूत राहणार. "आई, भरती-ओहोटीबद्दल आबा तेव्हा काय म्हणाले होते गं?" एवढंच विचारलं त्याने, आणि मला मग झोप लागेना.

तेव्हा तो सात वर्षांचा होता. आबा श्रीवर्धनहून पहिल्यांदाच आमच्याकडे सिएटलला आले होते. ओझेट तळ्यापासून केप अलाव्हापर्यंत जंगलातून सव्वातीन मैल, मग किनाऱ्याने सँड पॉइंटपर्यंत तीन मैल, आणि पुन्हा जंगलातून तीन मैल परत, असा तो त्रिकोण. वाट बरीचशी लाकडी फळ्यांची. पावसाने फळ्या इतक्या बुळबुळीत झालेल्या की आम्ही दोघं बूट घालूनही घसरत होतो. आबा मात्र साकवावरून जातात तसे पाऊल आडवं टाकत, कुठे न धरता गेले. नेच्यांची पानं त्यांच्या कमरेला लागत होती. मध्येच थांबून म्हणाले, "गाज आली." आम्हाला पुढची दहा मिनिटं काही ऐकू आलं नाही.

किनाऱ्यावर पुढे एक खडकाळ टोक आडवं येतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी अकराची, आम्ही दहाला तिथे, म्हणजे वाट मोकळी असायला हवी. पण लाटा थेट कड्याच्या पायाशी आपटत होत्या. नवरा म्हणाला, दोन लाटांच्या मध्ये धावत जाऊ. पोर त्याच्या खांद्यावर. आबांनी त्याचा दंड धरला. एक काटकी उचलली, पाणी जिथवर येत होतं तिथे वाळूत रोवली आणि म्हणाले, "बसा. धपाटे काढा."

आम्ही बसलो. पंधरा मिनिटांनी लाटा काटकीच्या हातभर पलीकडे, समुद्राच्या बाजूलाच फुटायला लागल्या. "उतरतंय, पण वेळ आहे," आबा म्हणाले. तासाभराने त्याच टोकाखालून आम्ही ओल्या दगडांवरून चालत गेलो. घरी आल्यावर कळलं, तो तक्ता प्रमाणवेळेत छापलेला होता. उन्हाळ्यात इथे घड्याळं एक तास पुढे करतात, तो तास आम्ही मिळवलाच नव्हता. आणि बसल्या बसल्या वर नजर गेली तेव्हा दिसलं, कड्यावरून जाणाऱ्या वाटेची लाल-काळी गोल चकती झाडावर ठोकलेली होती. आम्ही तिच्याखालूनच आलो होतो.

आबांना जाऊन आता चार वर्षं झाली. तुमच्या तिथल्या आठवणी लिहा ना. लेकालाही वाचायला देईन.

पावसाळी पाखरू
वाचून डोळे भरले गं. आम्ही रिआल्टो बीचवरून होल-इन-द-वॉलला गेलो होतो, जाऊन-येऊन सव्वातीन मैल. लेकाला एक नक्की सांग, भरती चढत असताना त्या वाहून आलेल्या ओंडक्यांवर बसायचं नाही. बसच्या लांबीचे ओंडके असतात. आमच्यासमोर एक लाट आली आणि असला एक ओंडका कडेवरच्या बाळासारखा अलगद उचलून बाजूला ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या मुली पाच मिनिटांपूर्वी त्याच्यावर उभ्या राहून फोटो काढत होत्या. अजून अंगावर काटा येतो. कुकर झाला, येते नंतर.

घाटावरचा
मी साताऱ्याचा, समुद्र आयुष्यात मोजून चार वेळा पाहिलेला. मित्राने शी शी बीचला नेलं. ही जागा माका या तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीतून जाऊन लागते, त्यांचा पास आधी घ्यावा लागतो, तो जरूर घ्या. वाटेतला चिखल म्हणजे आमच्याकडे लावणीच्या वेळचं भातखाचर. मग शेवटी दोर धरून खाली उतरलो आणि समोर पॉइंट ऑफ आर्चेस, समुद्रात उभे सुळके, एकामागे एक. मला तर सह्याद्रीचे सुळके कुणीतरी पाण्यात नेऊन ठेवलेत असं वाटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

खाण्याचं मात्र सांभाळा. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर अस्वलाला उघडता येत नाही असा तो खाणं ठेवायचा कडक डबा सक्तीचा आहे. मला वाटलं अस्वल कुठलं येतंय समुद्रावर. अस्वल नाही, रॅकून येतात! चिवड्याची पिशवी पाच मिनिटं बाहेर राहिली. दोन पंजांनी गाठ सोडली हो त्याने, फाडली नाही. शेंगदाणे खाल्ले, डाळवं ठेवली.

मिठागर
आबांचं वाचून आमचे काका आठवले. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. तुमचे आबा पण करत का?

सुरूच्या बनातली
@मिठागर, हो तर! अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. ओझेटच्या वाटेवर पहिला प्रश्न तोच होता, "आज तिथी कोणती?" मी फोनवर कालनिर्णय शोधत होते आणि तिथे रेंज नाही. मग स्वतःच म्हणाले, "राहू दे, तो हिशोब आपल्या पाण्याचा. इथलं पाणी इथल्यांना विचारायचं."

खाडीपलीकडे
बरोबर बोलले. पाऊणपट मुंबई-अलिबागकडे चालते, मालवणला भरती जरा आधी येते. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. दुसरं म्हणजे वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीला पाणी खूप आत जातं, दुसरीला अर्धवटच. त्यामुळे नुसती वेळ बघून भागत नाही, तक्त्यात फूट किती लिहिलेत तेही बघायचं. पार्कच्या नकाशावर कुठलं टोक किती फुटांच्या खाली पार करता येतं ते लिहिलेलं असतं, काही टोकं तर कधीच खालून जाता येत नाहीत. उधाणाच्या दिवसांत जास्तच जपावं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही.

दुसरी घंटा
मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं वेगळं. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत जांभळ्या-नारिंगी तारामाशांची रांग दिसते, ते फक्त सुंदर म्हणून बघू नका. रॉबर्ट पेन नावाच्या प्राध्यापकांनी याच किनाऱ्यावर, माका लोकांच्या उपसागरात, 1963 पासून एका खडकावरचे तारामासे काढून समुद्रात फेकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं काढत राहिले. झालं काय, तर शिंपल्यांनी बाकी सगळ्यांना हुसकून जागा व्यापली. एक तारामासा नाही म्हणून पंधरा जातींची वस्ती मोडली. त्यातून त्यांनी 1969 मध्ये 'कीस्टोन' (कमानीचा मधला दगड, तो काढला की कमान कोसळते) जातीची कल्पना मांडली, ती मी दरवर्षी फळ्यावर कमान काढून शिकवते. 2013 नंतर रोगाने हे तारामासे झडून मेले, हात गळून पडायचे. मी गेले तेव्हा एका खळग्यात अकरा मोजले, बोटाच्या पेराएवढे तीन. किती वेळ गुडघ्यांवर बसून होते! हात लावला नाही.

नदीकाठची माई
माझे गुडघे दुखतात. सून म्हणते सेकंड बीचला चला. जमेल का कुणी सांगाल?

पावसाळी पाखरू
माई, जमेल. जंगलातून पाऊण मैलापेक्षा कमीच आहे, पण किनाऱ्याशी पोचताना उतार आहे आणि शेवटी ओंडके ओलांडावे लागतात. काठी घ्या, आणि सुनेचा हात घ्या. रिआल्टोला गाडी अगदी किनाऱ्याशी जाते, तिथे नुसतं बसलात तरी समुद्र भरपूर दिसतो.

जुनं पातेलं
ओझेटला जाणाऱ्यांनी नी बे गावात थांबून माकांचं संग्रहालय बघावं, अगदी कळकळीने सांगते. केप अलाव्हाला जिथे आपण डबा उघडतो ना, तिथे त्यांचं गाव होतं. काही शतकांपूर्वी दरड कोसळली आणि घरं चिखलाखाली गेली. 1970 च्या हिवाळ्यात वादळाने कडा खचला आणि वस्तू बाहेर यायला लागल्या. माकांनीच अभ्यासकांना बोलावलं, 11 वर्षं खणत होते. 55 हजार वस्तू निघाल्या. टोपल्या, गळ, माग, खेळणी. चिखलात हवा गेली नाही म्हणून लाकूडसुद्धा टिकलं. देवमाशाचा पर म्हणून कोरलेलं एक लाकूड आहे, त्यावर पाणमांजराचे 700 वर दात बसवलेत. त्याच्यासमोरून मला हलवेना. माझं माहेर दरडीच्या गावातलं. एवढंच लिहिते.

सुरूच्या बनातली
@जुनं पातेलं, अगं... फोन करू का संध्याकाळी?

जुनं पातेलं
कर. सातनंतर.

किवीकर
ऑकलंडहून वाचतोय. आमच्याकडे एबल टास्मन पार्कात अवारोआची खाडी अशीच. पूल नाही, ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास एवढ्यातच पायी ओलांडायची. आम्ही उशिरा पोचलो, झोपडीत अडकलो, आणि एका जर्मन आजींना त्या रात्री पिठलं-भात खाऊ घातला. पुढच्या ओहोटीला त्यांनी माझ्या बायकोचा हात धरून पलीकडे नेलं, पाणी पोटरीपर्यंत, खाली शिंपल्यांची धार. सपाता पायातच ठेवा, अनवाणी जाऊ नका.

घाटावरचा
पिठल्याला बेसन सोबत नेलं होतंत? भाजून की कच्चं?

किवीकर
घरून भाजूनच. लवकर होतं, गॅस वाचतो.

सुरूच्या बनातली
लेकाचा निरोप आला, रेंज संपायच्या आधीचा. फोटो आहे. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची काळी रेघ, तिच्या बऱ्याच वर, झाडांच्या कडेला तंबू. खाली पाण्याच्या काठाशी काहीतरी उभं आहे, मोठं करून बघितलं. काटकी रोवलीय त्याने.

मिठागर
❤️ धपाटे दिलेस ना बरोबर?

सुरूच्या बनातली
बारा. त्या कडक डब्यात.