मदत हवी आहे: १७०१ च्या तहातला 'बाप' मराठीत कसा आणू?

नमस्कार मंडळी,

मी माँट्रियलला राहते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी १७०१ च्या माँट्रियल तहावर लेख लिहायला घेतलाय आणि आठवडाभर एका शब्दाशी अडलेय.

थोडी पार्श्वभूमी देते. त्या उन्हाळ्यात मूलनिवासींच्या जवळपास ४० राष्ट्रांचे सुमारे १३०० प्रतिनिधी इथे जमले होते. इरोक्वॉय (हाही मूलनिवासी राष्ट्रांचाच संघ) एकीकडे, फ्रेंच आणि त्यांची मित्रराष्ट्रं दुसरीकडे, असं कित्येक दशकांचं वैर. घोडं अडलं ते कैद्यांवर. मित्रराष्ट्रांनी आपल्याकडचे इरोक्वॉय कैदी आणले, इरोक्वॉयांनी मात्र ठरल्याप्रमाणे त्यांचे आणले नव्हते. १ ऑगस्टला फ्रेंचांच्या मित्रराष्ट्रांपैकी वेन्डाटांचा नेता कोंडियारोंक तापाने फणफणलेला, उभंही राहवेना. त्याला आरामखुर्ची दिली, आणि बसल्या बसल्या तो जवळजवळ दोन तास बोलला. इरोक्वॉयांना खडसावलं, पण तह मोडू दिला नाही. त्याच रात्री तो इस्पितळात वारला. काल परवा प्लास दार्मच्या चौकात बराच वेळ उभी होते. त्याला तिथेच कुठेतरी पुरलंय, पण थडग्याची खूण उरलेली नाही. फार वाईट वाटलं. ४ ऑगस्टला तह झाला. कागदावर वेन्डाटांची खूण म्हणून मस्करॅट हा उंदरासारखा प्राणी काढलाय. फ्रेंच कोंडियारोंकला 'उंदीर'च म्हणत.

आता अडचण. हे सगळे नेते फ्रेंच गव्हर्नरला 'ओनोंतियो', म्हणजे 'मोठा डोंगर', आणि 'बाप' म्हणत. मी 'वडील' लिहिलं, तर वाचकाला वाटेल की त्यांनी फ्रेंचांची सत्ता मान्य केली. खरं तर वेन्डाट आणि इरोक्वॉय घरांत मूल आईच्या कुळाचं. अधिकार मामाचा, बाप लाड करणारा, देणारा. म्हणजे 'बाप' म्हणून त्यांनी गव्हर्नरवर देण्याची आणि भांडणं मिटवण्याची जबाबदारी टाकली होती, हुकूम चालवायचा हक्क दिला नव्हता. आणि आपल्याकडे नेमकं उलट! लाड मामाकडे, धाक वडिलांचा. 'बाबा' जरा जवळ जातं, पण भर सभेतल्या भाषणात ते घरगुती वाटतं.

मल्याळम कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर कृपया सांगा: जिथे घरावर मामाचीच सत्ता आहे, तिथे तुम्ही 'अच्छन'ला, म्हणजे बापाला, काय करता? टीप देता, की मजकुरातच उलगडता?

दुसरा प्रश्न छोटा आहे. भाषणात प्रत्येक मुद्द्याबरोबर शिंपल्यांच्या जांभळ्या-पांढऱ्या मण्यांचा विणलेला पट्टा हातात देत. पट्ट्याशिवाय शब्दाला वजन नसे. 'कवड्यांचा पट्टा' म्हटलं तर आईच्या आराध्यांची माळ डोळ्यांसमोर येते. ते पावित्र्य मला हवंय, पण या कवड्या नव्हेत. पट्ट्याचं मूळ नाव 'वाम्पम' तसंच ठेवू का?

मजकूर १५ सप्टेंबरपर्यंत द्यायचाय. कोंडियारोंकचं बोलणं माझ्या शब्दामुळे चुकीचं पोचू नये, एवढीच धडपड आहे.