१२ तासांच्या बाळाचा सीआरपी (जंतुसंसर्ग, सूज असताना रक्तात वाढणारं प्रथिन) ४, मग अँटिबायोटिक नको का?

प्रश्न: गरोदरपणाच्या ३५ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, पाणमोट फुटून २० तासांनी प्रसूती. श्वास जलद, दूध ओढत नाही. सीआरपी ४, प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गाची दुसरी रक्तखूण) ६ नॅनोग्रॅम प्रति मिली. कशावर विश्वास ठेवू?

उत्तर १: सध्या बाळाच्या लक्षणांवर. अँटिबायोटिक सुरू करा. सीआरपी यकृतात बनतो, वाढायला ६ ते १२ तास घेतो. पहिला ४ आला म्हणून सेप्सिस (शरीरभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) नाही असं होत नाही. २४ तासांनी परत पाठवा. दोन्ही सीआरपी १० च्या खाली, कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) निगेटिव्ह आणि बाळ ठणठणीत, तर ३६ ते ४८ तासांना औषध थांबवता येतं.

उत्तर २: प्रोकॅल्सिटोनिन निरोगी बाळातही जन्मानंतर चढतं, साधारण २४ तासांना शिखर गाठतं आणि ४८ ते ७२ तासांत उतरतं. १२ तासांना ६ हे नॉर्मलही असू शकतं. मोठ्यांची ०.५ ची रेघ इथे लावूच नका, तासांनुसारचा तक्ता बघा.

उत्तर ३: कल्चर पहिल्या डोसआधी घेतलंत ना? बाटलीत किमान १ मिली रक्त हवं. थेंबभर घातलं की मोजके जंतू निसटतात. आणि सीआरपीचं एकक तपासा. मिग्रॅ प्रति डेसिलिटर असेल तर तुमचा ४ म्हणजे ४०!

प्रश्नकर्ता: प्रति लिटरच आहे. कल्चर गेलं, पहिला डोस दिला.