पोर्तुगीजांनी दिलेले अल्वारे आपण का पाळायचे?

बांधावरून:
दादरा-नगर हवेलीतल्या अल्वारा, म्हणजे पोर्तुगीज सनदेनं दिलेल्या, जमिनींचा खटला २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात संपला. १९२३ ते १९३० दरम्यान पोर्तुगीज सरकारनं काही जणांना शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या. अट अशी की मुदतीत त्या लागवडीखाली आणायच्या. अट मोडली म्हणून १९७४ मध्ये कलेक्टरनं अल्वारे रद्द केले. खालच्या दोन कोर्टांत धारक जिंकले, २००५ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल फिरवला, आता सुप्रीम कोर्टानं तोच कायम ठेवला. माझ्या मते योग्य झालं. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा ही माणसं अल्वाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या मातीत आहेत. १९५४ साली पोर्तुगीज सत्ता हटवायला मराठी स्वयंसेवक जिवावर उदार होऊन तिथल्या राजधानीत, सिल्वासात शिरले, ते काय हे कागद जपायला?

कोर्टकचेरी:
कलेक्टरच्या हाती मोकळं रान द्यायलाही शिरले नव्हते. १९७१ चं भूसुधारणा नियमन होतं ना? अल्वारा संपवायची आणि भरपाई द्यायची सोय त्यातच होती. तो सरळ रस्ता सोडून पोर्तुगीजांच्याच कायद्यातलं कलम उकरून काढलं. ज्यांनी अल्वारे दिले, त्यांनीही इतक्या वर्षांत ती अट लावून रद्द केले नव्हते. जमीन घ्या, पण भरपाई देऊन घ्या.

बांधावरून:
इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून पडीक ठेवायचा हक्क मिळतो? आणि सत्ता बदलली की जुन्या सत्तेनं दिलेले हक्क नव्या सरकारनं मान्य केले तरच चालतात, हे आपल्या कोर्टांनी कधीच सांगून ठेवलंय.

फोंडेकर:
मग गोव्यातल्या खाणींचं काय? पोर्तुगीजांनी दिलेली बेमुदत कन्सेशन्स, म्हणजे खाणकामाचे परवाने, १९६१ नंतरही चालूच राहिली. ती रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेनं केला १९८७ मध्ये! तोवर डोंगर पोखरले गेले, पावसात खाणीची लाल माती वाहून भाताच्या शेतात बसली. बड्यांचे कागद पाळायला आपल्याला कधी जड गेलं नाही. मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूनं.

कोर्टकचेरी:
खाणींबद्दलचा राग मलाही आहे. पण कॅलिफोर्निया बघा. तो मेक्सिकोकडून घेताना १८४८ च्या तहात तिथल्या मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला हात लावणार नाही असं अमेरिकेनं कबूल केलं, आणि १८५१ च्या कायद्यानं प्रत्येक धारकाला आपली सनद आयोगापुढे सिद्ध करायला लावली. ८१३ दावे आले. कित्येकांचे दावे मंजूर झाले, तरी तोवर जमीन वकिलांच्या फीत आणि कर्जात गेली होती. जुना कागद नाकारायची ताकद सरकारला दिली की ती फक्त बड्यांवर चालत नाही. गोव्यातल्या गावकारी, म्हणजे गावाच्या सामायिक, जमिनीही पोर्तुगीज दप्तरांवरच उभ्या आहेत, फोंडेकर.

फोंडेकर:
गावकारी पोर्तुगीजांनी दिलेली नाही, त्यांच्या आधीची आहे. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, त्यांनी ती फक्त लिहून घेतली. दोन्ही एका मापानं मोजू नका.

बांधावरून:
कोर्टकचेरी, भरपाईबद्दल तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण सरकारवर नजर हवी हे पटतं. सिल्वासाभोवती कारखाने उभे आहेत, जमिनीला सोन्याचा भाव आहे. काढून घेतलेल्या प्रत्येक सर्व्हे नंबरवर आज कुणाचं नाव आहे, कसणाऱ्याचं की आणखी कुणाचं, ही यादी प्रशासनानं गावागावात लावावी.