टायमिंग लावलं की पाय उचलत नाहीत, मदत हवी आहे (मुली, ८०० मीटर, पोलीस भरती)

नमस्कार. मी २३ वर्षांची आहे, पोलीस शिपाई भरतीची तयारी करते. इथे भरती झालेल्या ताई-दादा आहेत, मुलींना पळवणारे कोचही आहेत, म्हणून इथेच विचारते.

दम कमी पडतो असं नाही. रोज पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर अण्णांच्या (माझ्या वडिलांच्या) गाडीच्या उजेडात पळते. घड्याळ नसलं की पाय हलके असतात, शेवटचा टप्पाही जोरात मारते. पण शेजारी कोणी स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की ‘रेडी’ म्हणायच्या आधीच तोंडाला कोरड पडते, पोटऱ्या जड होतात. मग कुत्रं मागे लागल्यासारखी सुटते, आणि सहाशे मीटरला पायांचा दगड होतो.

मागच्या भरतीला पायाला वेळ मोजायची चिप बांधली, चेस्ट नंबर लागला आणि नेमकं हेच झालं. ३ मिनिटं २४ सेकंद, २० पैकी १२ मार्क. गोळा आणि १०० मीटर धरून ग्राऊंडला ५० पैकी २४. लेखीला जायला निम्मे, म्हणजे २५ लागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं तर पूर्ण २० मिळतात, तीन मिनिटांपर्यंत १८, पुढे असेच कमी होत जातात. एका मार्काने वर्ष जातं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर अकॅडमी लावली. तिथे दर शनिवारी टायमिंग काढून फळ्यावर नावापुढे लिहितात. आठ शनिवारांपैकी मी दोनदाच पळाले. कधी गुडघा दुखतोय म्हटलं, कधी पाळी आली म्हटलं. गुडघा दुखत नव्हता. अण्णा विचारतात, “बाळा, किती आलं आज?” आणि मी ‘तीनच्या आत’ सांगते. ते लगेच आईला सांगायला जातात. दिवसभर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबून हा माणूस पहाटे माझ्या आधी उठतो आणि मी त्याच्याशी खोटं बोलते. हे लिहितानाही रडू येतंय.

मला पळायची भीती नाही, आकड्याची आहे. मोजलं नाही तोवर टायमिंग काहीही असू शकतं, तीनच्या आतही. एकदा मोजलं की ते तेवढंच. फळ्यावर ३:२० दिसलं की वाटतं, वर्षभराच्या सगळ्या पहाटा एवढ्याच किमतीच्या होत्या.

मैत्रीण म्हणते रोज टायमिंग लाव, सवय होईल. एकदा लावलं, ३:१९ आलं, आणि पुढचे चार दिवस मी ग्राऊंडवर गेलेच नाही. म्हणून नुसतं ‘घाबरू नकोस’ सांगू नका. भीती आहे हे धरूनच मोजायला सुरुवात कशी करायची, आधी काय मोजायचं, कोणाला बघू द्यायचं, ते सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी भरती होऊन सहा वर्षं झाली. अण्णांना खरं सांग, आधी ते कर. ग्राऊंडबद्दल त्यांना दुसरं काय विचारायचं ते कळत नाही, म्हणून ते टायमिंग विचारतात. माझे वडीलही तसेच होते. आणि सरांना एकटं गाठून म्हण, महिनाभर माझा आकडा फळ्यावर नको, वहीत लिहा. मी तसं सांगितलं होतं, सरांनी ऐकलं.

प्रतिसाद २
मी मुलींना पळवतो. तुझी भीती थेट टायमिंग खाते आहे. घाबरल्यावर छातीचे ठोके पळायच्या आधीच वाढलेले असतात. त्यात पहिले २०० अंगाबाहेर गेले की पुढे पाय भरून येणारच. तीन मिनिटांचं ८०० म्हणजे दर २०० ला ४५ सेकंद. तू पहिले बहुधा ३७-३८ मध्ये मारतेस.

तीन आठवडे पूर्ण ८०० मोजूच नको. फक्त पहिले २०० मोज, आणि ४४ च्या आत आले तर ती चूक धर. घड्याळ आपल्याला सावकाश जायला सांगतंय, हे एकदा पायांना कळू दे. मग ४००, मग ६००. दर वेळी घड्याळ बघायच्या आधी अंदाज मोठ्याने सांगायचा. वहीत टायमिंग लिहू नको, अंदाज किती सेकंदांनी चुकला ते लिही. माझ्याकडच्या मुलींचं लक्ष यानेच ‘मी किती कमी पडले’ यावरून उठून पायांवर येतं.

प्रतिसाद ३
माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ९:१९.७६ पळाल्या, राष्ट्रीय विक्रम झाला. दोनच दिवसांनी अंतिम फेरीत ९:२२.७४, दहावा क्रमांक. पाय तेच, मेहनत तीच. मग यातल्या कुठल्या आकड्याला त्यांची किंमत म्हणायचं? तुझ्या ३:२४ लाही तू एका सकाळीपेक्षा जास्त किंमत देऊ नकोस.

धागाकर्ती
उशिरा लिहिते, माफ करा. रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घड्याळ मी धरू का?”

आज तीनदा २०० मोजले. पहिल्यांदा मी ४४ म्हटलं, घड्याळात ३८. दुसऱ्यांदा घड्याळात ४१. तिसऱ्यांदा ४५ म्हटलं आणि ४४ आले. सुटण्याआधी हात थरथरत होते, तिसऱ्या वेळीही. पण तिन्ही पळाले. अण्णा आधी अंदाज विचारतात, मगच घड्याळ दाखवतात.

दादा, एक विचारायचं राहिलं. ४ किलोचा गोळा ६ मीटरला गेला तर पूर्ण १५ आहेत, आणि तोही मी मागच्या भरतीपासून मोजलेला नाही. तिथेही अंदाज सांगूनच टेप लावायचा का?