दोन्ही बाजूंनी अडचण असल्यास पेसमेकरची लीड (बॅटरीपासून हृदयापर्यंत जाणारी तार) कोणत्या शिरेतून नेतात?

प्रश्न (सोलापूर):
माझे वडील ७१ वर्षांचे असून आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) आहे. चक्कर येऊ लागल्यावर पूर्ण हार्ट ब्लॉकचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यातले विजेचे संकेत खालच्या कप्प्यात न पोहोचण्याचे) निदान झाले. परंतु उजव्या हातातून डाय सोडून घेतलेल्या चित्रात, पूर्वीच्या डायलिसिस कॅथेटरमुळे गळपट्टीच्या हाडाखालची शीर बंद झालेली दिसली. आता पेसमेकरसाठी मानेतून किंवा जांघेतून, असे दोन मार्ग सुचवले आहेत. त्यांत फरक काय?

उत्तर १ (कॅथलॅबमधील तंत्रज्ञ):
डावी बाजू टाळली आहे ते योग्यच, कारण फिस्टुलाच्या बाजूने लीड घातल्यास शीर अरुंद होऊन हात सुजतो आणि फिस्टुलाही निकामी होऊ शकतो. मानेच्या ज्युग्युलर शिरेतून लीड नेता येते, मात्र बॅटरी छातीवरच बसत असल्याने लीड गळपट्टीच्या हाडावरून किंवा हाडाखालून कातडीच्या आत वळवून आणावी लागते. हाडावरून नेल्यास कृश रुग्णाची कातडी झिजून लीड उघडी पडण्याचा धोका असतो. जांघेकडून गेल्यास बॅटरी पोटाच्या खालच्या भागात बसते, नेहमीपेक्षा लांब आणि स्क्रूने रुतणारी लीड लागते, आणि वरच्या कप्प्यातली लीड सरकण्याचे प्रमाण अधिक असते. तरीही सर्वांत आधी हृदयाच्या वरची मोठी शीर मोकळी आहे का, हे विचारा. ती बंद असेल तर मानेचा मार्ग आपोआप बाद होतो.

उत्तर २:
लीडलेस (बिनतारेच्या) पेसमेकरविषयी कोणीच बोलले नाही का? जेमतेम दोन ग्रॅम वजनाची ही कुपी जांघेच्या शिरेतून थेट हृदयाच्या खालच्या कप्प्यात बसवतात. शिरेत लीड राहत नाही, कातडीखाली बॅटरीचा कप्पाही नसतो. ज्याला आयुष्यभर डायलिसिससाठी शिरा जपायच्या आहेत, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. किंमत मात्र साध्या पेसमेकरच्या कितीतरी वर जाते. आमच्या घरी याच कारणाने निर्णय आठवडाभर लांबला होता.

उत्तर ३:
शिरा पूर्णच टाळायच्या असतील, तर छाती थोडी उघडून हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लीड टाचता येते. भूल आणि जखम या वयात जड जातात, म्हणून हा मार्ग सहसा शेवटी विचारात घेतात.

प्रश्नकर्ता:
मोठ्या शिरेबद्दल उद्या विचारतो. तोपर्यंत उजव्या हातालाही सुई टोचू द्यावी का?

उत्तर १:
शक्यतो केवळ हाताच्या पाठीवरच्या शिरेत. मनगटाच्या वरच्या शिरा राखून ठेवा.