मदत हवी आहे: फ्रेंच वाचता येतं, ऐकलं की डोक्यावरून जातं

घाईघाई:
फ्रेंच शिकतोय. शब्द भरपूर पाठ आहेत, व्याकरणही बऱ्यापैकी झालंय. पण रेकॉर्डिंग लावलं की काही म्हणजे काही कळत नाही. अख्खं वाक्य एकच लांबलचक शब्द वाटतो. दोन अ‍ॅप बदलून झाली, फरक शून्य. नेमकं काय करायचं ते सांगा. 'सराव करा' सोडून. जरा लवकर.

चष्मिष:
किती महिने झाले? परीक्षा आहे की नुसती हौस? रेकॉर्डिंग धड्यातलं की बातम्यांचं? बातम्या लावून बसला असाल तर आधी त्या बंद करा, त्या नवशिक्यांसाठी नसतात.

वाटसरू:
कॅनडाला (क्युबेक सोडून) कायमचं जाण्यासाठी शिकत असाल तर डेल्फचा, म्हणजे फ्रान्स सरकारच्या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षेचा, उपयोग नाही. तिथे टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षांची कॅनडासाठीची आवृत्ती लागते आणि निकाल दोनच वर्षं चालतो. डेल्फचं प्रमाणपत्र मात्र आयुष्यभराचं.

टिंब_टिंब:
मात्रावाली अक्षरं टाइप करण्यासाठी विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ०२३३ मारा, उजव्या तिरक्या रेघेचा ई येतो. ०२३२ म्हणजे डाव्या रेघेचा. शेपटीवाला सी ०२३१. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. मोबाइलवर ते अक्षर दाबून धरलं की पर्याय दिसतात.

घाईघाई:
कीबोर्डचं कुणी विचारलं? कॅनडाचंही नाही. परीक्षा आहे, डेल्फ ए१, म्हणजे पहिली पातळी, सात आठवडे उरलेत. चार महिने झाले, रोज तासभर. रेकॉर्डिंग धड्यातलंच. आता सांगा.

मोरपीस:
हे आधी लिहिलं असतं तर वर तीन प्रतिसाद वाचले असते. असो. चार विभाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० ला पास, पण एखाद्या विभागात ५ च्या खाली गेलात की बाकीचे कितीही असोत, नापास. त्यामुळे ऐकण्याचा विभाग सोडून देता येणार नाही. ए१ ला प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात, एवढा दिलासा.

एक सांगा, शब्द पाठ कसे केलेत? वहीत नेमकं काय लिहिता?

घाईघाई:
तीन रकाने. फ्रेंच शब्द, मराठीत उच्चार, अर्थ. ६०० च्या वर झालेत. त्याचा इथे काय संबंध?

मोरपीस:
सगळा संबंध तिथेच आहे. तुम्ही सुटे शब्द पाठ केलेत आणि फ्रेंचमध्ये सुटे शब्द ऐकूच येत नाहीत. 'त्याला एक मित्र आहे' हे वाक्य घ्या. तुमच्या वहीत इल, आ, अँ, आमी असे चार शब्द असतील. रेकॉर्डिंगमध्ये येतं 'इ-ला-अँ-ना-मी'. इलमधला ल पुढच्या स्वराला जाऊन चिकटला. अँ अनुनासिक आहे, पण पुढे स्वर आल्यावर त्याचा न जागा झाला. वहीत 'नामी' नाही, म्हणून कान म्हणतो, हा शब्द आपल्याला येत नाही.

शाळेत संधी शिकलो तेच हे. जगत् अधिक ईश म्हणजे जगदीश, त चा द होतो. फ्रेंचमध्ये उलट: ग्राँ या शब्दाच्या शेवटी मुका डी असतो, पुढे आमी आला की तो त होऊन बोलतो, 'ग्राँतामी'. मुका एस किंवा एक्स असेल तर कंप असलेला स, म्हणजे इंग्रजी झेड (खाली झ लिहिलाय, तो याच अर्थाने). त्यावर मार्क अडकतात: 'इल सों' म्हणजे ते आहेत, 'इल झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे. एका आवाजाने अर्थ बदलला.

अर्धविराम:
मराठी उच्चार लिहिण्यात गैर काय? देवनागरी ध्वनींवर चालते, फ्रेंच स्पेलिंगपेक्षा शंभरपट प्रामाणिक. एकवचनाचं आर्टिकल 'ल' आणि अनेकवचनाचं 'ले' हा फरक आपल्या अ मुळे अचूक दाखवता येतो. फ्रेंच नामाचा अनेकवचनी एस बहुतेक वेळा मुकाच, त्यामुळे एक पुस्तक की अनेक हे या ल-ले वरूनच कळतं.

मोरपीस:
ल-ले मान्य. आता 'तू' हे सर्वनाम आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द लिहून दाखवा. वहीत दोन्ही 'तू' होणार. सर्वनामातला स्वर मराठीत नाही: जीभ ई ला ठेवायची आणि ओठ ऊ सारखे गोल करायचे. दुसऱ्यात साधा ऊ. आणि अनुस्वाराचं काय? 'अंत' वाचताना आपण सरळ न् म्हणतो. फ्रेंचमध्ये जीभ टाळूला लागताच कामा नये, हवा नाकातूनही जाते आणि स्वर तिथेच संपतो. वारा, वाइन आणि 'ते जातात' या तीन शब्दांत फरक फक्त अनुनासिक स्वराचा आहे.

अर्धविराम:
मग एक टिंब जास्त द्यावं. खूण ठरवली की झालं.

मोरपीस:
खुणाच शिकायच्या तर शब्दकोशात असते ती आयपीए, म्हणजे उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी, शिका, ती निदान दुसऱ्यालाही वाचता येते.

खडूस_मास्तर:
तुम्ही दोघं भांडत बसा, ए१ ला खरे गुण जातात आकड्यांत. किंमत, वेळ, फोन नंबर. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९० म्हणजे चार-वीस-दहा. 'स्वासाँत' ऐकल्याबरोबर लोक ६ आणि ० लिहून मोकळे होतात, मग 'काँझ' येतं आणि १५ वेगळा लिहितात. होता ७५. स्वासाँत (६०) किंवा कात्र-व्हँ (८०) ऐकलं की पेन थांबवा, पुढचा तुकडा येऊ द्या. फ्रान्समधला फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात, सराव तसाच करा.

आकड्यांनाही संधी लागते. सहा एकटा असेल तर 'सीस', पुढे व्यंजन आलं तर 'सी', स्वर आला तर 'सीझ'. नऊ वर्षं म्हणताना नफ चा फ जाऊन व येतो, 'नवाँ'.

वाटसरू:
बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० ला सेप्ताँत आणि ९० ला नोनाँत म्हणतात. किती सोपं!

खडूस_मास्तर:
सोपं आहे म्हणून परीक्षेत ते येईल असं नाही.

रातकिडा:
भूतकाळ सोडू नका! आपण 'गोष्ट वाचली, पुस्तक वाचलं' म्हणतो, क्रियापद कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही आव्हवार (जवळ असणे) हे सहायक क्रियापद लावून केलेल्या भूतकाळात तसंच, पण कर्म आधी आलं तरच. 'मी लिहिलेलं पत्र' म्हणताना पत्र स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्री' चं 'एक्रीत' होतं. मराठी माणसाला हे पटकन समजतं.

चष्मिष:
अवांतर. ए१ ला हे नाही विचारणार.

धागाकर्ते, तुमच्यासाठी रोज २० मिनिटांचं काम. धड्यातला १५-२० सेकंदांचा तुकडा घ्या, ज्याची लिखित प्रत आहे असाच. मजकूर न बघता तीनदा ऐका. चौथ्यांदा थांबवत थांबवत फ्रेंच स्पेलिंगमध्ये लिहा, देवनागरीत नाही. मग प्रत उघडून प्रत्येक चुकीवर खूण करा: क, शब्द माहीतच नव्हता. ख, माहीत होता पण जोडून आल्यामुळे ओळखला नाही. ग, ओळखला पण स्पेलिंग चुकलं. ग सोडून द्या. 'बोलतो', 'बोलतोस', 'बोलतात' तिन्ही 'पार्ल'च ऐकू येतात, ते कान नाही, व्याकरण सोडवतं. शेवटी तोच तुकडा रेकॉर्डिंगच्या बरोबरीने मोठ्याने आठ-दहा वेळा म्हणा. वेग कमी करायचा तर पाऊणपट, त्याखाली नको.

आज एक तुकडा करा आणि क-ख-ग चे आकडे इथे टाका.

घाईघाई:
केलं. १८ सेकंद. चुका १३. क २, ख ९, ग २. 'इलेम' आणि 'इल झेम' दोन्हीला मी 'तो आवडतो' असंच काहीतरी लिहिलं होतं.

मोरपीस:
९ ख. म्हणजे शब्द कमी नाहीत, जोड कमी आहेत. इलेम म्हणजे त्याला आवडतं, इल झेम म्हणजे त्यांना.

घाईघाई:
मग ६०० शब्द परत लिहू?

मोरपीस:
नको. मधल्या रकान्यावर कागद चिकटवा. नामं तेवढी घ्या, प्रत्येकाला एकवचनाचं आणि अनेकवचनाचं आर्टिकल लावून मोठ्याने म्हणा. स्वराने सुरू होणारी आधी, जोड तिथेच लागतो. एच ने सुरू होणाऱ्यांत काही हट्टी आहेत: 'नायक' ला जोड लागत नाही, 'ले एरो' च म्हणायचं. जोडलंत तर 'ले झेरो', म्हणजे शून्यं.

अर्धविराम:
हे समजावलंत देवनागरीतच ना?

मोरपीस:
या धाग्यात दुसरी लिपी चालत असती तर बघितलं असतं.

घाईघाई:
उद्याचा तुकडा लॅपटॉपवर टाइप करणार आहे. तो सी, खाली शेपटी असलेला, तो कसा काढायचा?

टिंब_टिंब:
वर दिलंय.